घामाची साक्ष

वैजयंता चौगुलेनं उभ्या जन्मात तंबाखूची चिमूटसुद्धा तोंडात टाकली नव्हती, आणि तिला यंत्रानं गांजेकस ठरवलं. तेही भर गेटावर, पहिल्या पाळीची माणसं आत शिरत असताना.

तिनं नेहमीसारखी मनगटावरची तपासणीची काळी पट्टी खांबापुढं धरली. हिरव्याऐवजी लाल दिवा लागला, आडवा दांडा जागचा हलला नाही आणि वरच्या पडद्यावर सगळ्या जगाला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत उमटलं, ‘चौगुले वैजयंता. क्रेन क्रमांक दोन. अंमली पदार्थ आढळला.’

मागच्या रांगेत खसखस पिकली.

“आक्का, एकटी एकटीच व्हय गं?”

“तरीच हिला सदा वर टांगून बसायला आवडतंय!”

“गप बसा मेल्यांनो,” वैजयंता कडाडली. “मी कशाला वडतो गांजा?”

कोल्हापूरकडच्या बायका ‘आलो-गेलो’ करतात हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक असेलच. नसेल तर आता झालं.

सुरक्षा अधिकारी अनिकेत सरनोबत धावत आले. माणूस सरळ होता, पण नियम म्हटला की त्याच्या मानेत गज घातल्यासारखं व्हायचं. “वैजयंताताई, आजचा दिवस घरी जा. ही पहिली वेळ म्हणून नुसती समज. पुन्हा लाल लागला तर मला तुम्हाला क्रेनवरून उतरवावं लागेल. आणि शुक्रवारी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

तिला चांगलंच माहीत होतं. शुक्रवारी पंचधार फौंड्री आजवरचं सगळ्यांत मोठं ओतकाम करणार होती. समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्कीचा मधला भाग, ज्याला तिन्ही पाती येऊन जोडली जातात तो. एका खोलीएवढा. दोन बाजूंनी दोन लाडलमधून, म्हणजे रसाच्या त्या अजस्र बादल्यांमधून, एकाच वेळी लोखंडाचा रस साच्यात सोडायचा. धार मध्येच तुटली की रस थिजतो, जोड कच्चा राहतो आणि सगळं भंगारात जातं. दोन क्रेनपैकी एक वैजयंताची होती. त्या औद्योगिक पट्ट्यातल्या फौंड्र्यांमध्ये वितळलेल्या रसाची क्रेन चालवणारी ती पहिली बाई. ती खुर्ची तिला कुणी ओटी भरून दिलेली नव्हती. बारा वर्षं कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, बनवत, वाळू चाळत, टोमणे खात ती जमिनीवरून त्या खुर्चीपर्यंत चढली होती.

ती घरी गेली नाही. तिनं स्कूटर वळवली ती थेट सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्राकडं. कारण गांजाचं तिला काही ठाऊक नसलं, तरी घामात काय सापडलं असेल याचा तिला अंदाज आला होता.

वैजयंता एचआयव्हीबाधित होती. गेली नऊ-दहा वर्षं. कुठून, कसं, कुणामुळं, हे प्रश्न लोक फार चवीनं विचारतात, म्हणून इथं त्यांची उत्तरं मिळणार नाहीत. रोजची गोळी ती न चुकता घेत होती. रक्तातला विषाणू इतका दबला होता की चाचणीला सापडत नव्हता, आणि अशा माणसाकडून तो जोडीदारालासुद्धा लागत नाही. मग सोबत काम करून, एका ताटात जेवून, एकमेकांच्या घामानं भिजून तो लागायचा तर प्रश्नच नव्हता. तो तसा कधीच कुणाला लागलेला नाही. गेल्या आठवड्यात तिची गोळी बंद होऊन नवी सुई सुरू झाली होती. वर्षातून दोनदा टोचून घ्यायची, बाकी काही नाही. सुई घेऊन बाहेर पडताना तिला डोक्यावरची घागर उतरल्यासारखं वाटलं होतं.

आता त्याच सुईनं घात केला होता.

केंद्रातल्या समुपदेशक शबाना मुजावर यांनी सगळं ऐकून घेतलं. “औषध शरीरात फुटतं तेव्हा त्याचे तुकडे घामात येतात. त्यातला एखादा गांजातल्या द्रव्यासारखा दिसत असेल. तुमच्या त्या पट्टीला फरक कळला नसणार. मी तसं लिहून देऊ का?”

“कसलं औषध म्हणून लिवणार?”

शबानाताईंनी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “कायदा तुमच्या बाजूनं आहे, ताई. कुणी तुम्हाला सांगायची सक्ती करू शकत नाही, सांगितलं म्हणून कामावरून काढू शकत नाही.”

“कायदा कॅन्टीनात माझ्याशेजारी जेवायला बसतोय व्हय?” वैजयंता म्हणाली.

काही वर्षांपूर्वी फौंड्रीतल्या एका कारागिराची हीच गोष्ट फुटली होती. त्याला कुणी काढलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त पाण्याच्या पिंपावरचा त्याचा पेला वेगळा झाला, त्याच्या हातची हातोडी कुणी घेईना. महिन्याभरात तो आपण होऊन गेला. कंपनीच्या कपाटात ‘एचआयव्ही आणि कामाची जागा’ असं एक छान छापील धोरणही होतं. ते कपाटातून कधी बाहेर आलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा वैजयंतापुढं दोनच दारं होती. गांजेकस म्हणवून घ्यायचं आणि खुर्ची घालवायची, किंवा खरं सांगायचं आणि कदाचित सगळंच घालवायचं. असला न्याय तिनं कुठल्या गावच्या चावडीवरही ऐकला नव्हता.

ही पट्टी मुळात आली ती माणसं वाचवायला, हेही सांगायला हवं. उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. फेब्रुवारीतच भट्टीशेजारी उभं राहणं म्हणजे भट्टीत उभं राहण्यासारखं झालं होतं. चांगली धडधाकट माणसं उभ्या उभ्या कोसळत. म्हणून पुण्याच्या एका कंपनीकडून मनगटावरची ही पट्टी आणली गेली. तिचं खरं नाव ‘स्वेदमित्र’. ते उच्चारताना जीभ अडखळायला लागल्यावर कामगारांनी तिचं ‘घामपट्टी’ असं बारसं करून टाकलं.

घाम म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. शरीरात जे जे चाललेलं असतं त्याचा थोडा थोडा अंश घामात उतरतो. मीठ, दमलेल्या स्नायूंचं आम्ल, घेतलेल्या औषधांचे अवशेष. पट्टीच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे होते. हवा तो रेणू एका लेपात दाबायचा, लेप घट्ट झाला की रेणू धुऊन काढायचा. मागं बरोबर त्याच्याच आकाराचा खळगा उरतो. पुढं कधी घामातून तोच रेणू आला की त्या खळग्यात बसतो आणि विजेचा बारीकसा इशारा उठतो. फौंड्रीतल्या लोकांना हे समजावताना कंपनीला मुळीच त्रास पडला नाही. लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, मागं साचा राहतो. ते आयुष्यभर दुसरं करत काय होते?

मीठ आणि आम्ल यांच्यावरून पट्टी ओळखायची की हा माणूस आता उन्हानं पडणार. आधी मनगटावर थरथरायची. पाणी पी, बस. ऐकलं नाही तर नियंत्रण कक्षात घंटा वाजायची आणि बर्फ घेऊन मदतीची तुकडी पळत सुटायची. इथवर सगळं झकास होतं. पण पैसे मोजलेच आहेत तर एका दगडात दोन पक्षी मारावेत, असं व्यवस्थापनाला वाटलं आणि त्यांनी नशेचे खळगेही बसवून घेतले. ती तपासणी सकाळी एकदाच व्हायची. पट्टी चढवल्यावर पहिला घाम आला की निकाल लागायचा आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत कायम राहायचा.

त्या संध्याकाळी वैजयंताच्या दारात दौलूमामा उभे राहिले. दौलू माने, वय साठीला टेकलेलं, मिशा अजून तिशीतल्या. क्रेनला लटकलेली लाडल कलती करायचं मोठं चाक ते खालून फिरवत. वर वैजयंता आणि खाली मामा, अशी ती जोडी होती. दोघांनी मिळून किती रस ओतला असेल याला मोजदाद नव्हती. एकमेकांच्या डब्यातलं खाणं तर ठरलेलंच.

मामांनी चहा बशीत ओतून संपवला. मग घसा साफ करून म्हणाले, “आक्का, मी काय इचारत न्हाई. मानसाला दुख्ख असतंय. एकटी बाई, लेकरू शिकायला लांब. जरा वडावंसं वाटत असंल…”

“मामा!”

“गप. मला सांगू दे. वड. पर शुक्कीरवारपातूर नको वडू. आनि वडलंच, तर त्याचा बी इलाज हाय माज्याकडं.”

वैजयंताला हसावं की रडावं कळेना. या माणसाची पक्की खात्री होती की ती गांजा ओढते, आणि तरीही तो तिच्या दारात आला होता. खरं सांगायला तिचे ओठ उघडले. पण पिंपावरचा तो वेगळा पेला डोळ्यांपुढं आला आणि ओठ मिटले.

“काय इलाज?” तिनं विचारलं.

फौंड्रीत एक जुनी चाल आहे. तिला म्हणतात सांभाळून घेणं. कुणाचं पोर आजारी असलं तर दुसरा त्याचं काम ओढतो, कुणी उशिरा आला तर तिसरा त्याच्या जागी उभा राहतो. पंचिंगचं कार्ड असल्यापासून हे चालत आलं होतं आणि घामपट्टीलाही माणसांनी वर्षभरात वाट काढली होती. गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर दौलूमामा आपली पट्टी एका मनगटावर आणि वैजयंताची दुसऱ्या मनगटावर चढवणार, दोन कप चहा पिऊन, दोन चकरा मारून घाम काढणार. दोन्ही पट्ट्या मामांच्या स्वच्छ घामावर ‘नशा नाही’ म्हणून मोकळ्या होणार. मग तिची तिला परत.

वैजयंता ‘हो’ म्हणाली. हे काही शहाणपणाचं नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

दोन-तीन सकाळी बिनबोभाट पार पडल्या. शुक्रवार उजाडला. त्या दिवशी सगळी फौंड्री लग्नघरासारखी झाली होती. मालक मगदूमसाहेब नवा सदरा घालून आले होते, पवनचक्कीवाले पाहुणे काचेमागं बसले होते, भट्ट्या पहाटेपासून धडधडत होत्या. चहाच्या गाड्यावर गर्दी उसळली. भोंगा झाला तशी मामांनी घाईघाईनं एक पट्टी सोडून तिच्या हातात कोंबली. पट्ट्या सगळ्या सारख्याच काळ्या, नाव आतल्या बाजूला बारीक अक्षरांत. दोन हिरवे दिवे लागले आणि दोघं आत गेली. मामांनी तिची ठेवून आपलीच तिला दिली आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ओतकाम सुरू झालं. वरच्या केबिनमध्ये वैजयंता दोन्ही दांड्यांवर हात ठेवून बसली होती. मनात चिंता होती तेवढी खुर्चीत बसताच विरघळली. तिला काम कळत होतं आणि कामाला ती. इंच-इंच करत तिनं लाडल साच्याच्या तोंडाशी आणली. खालच्या फळीवर मामांनी चाक फिरवलं. पांढरीफेक धार साच्यात पडू लागली, पलीकडून दुसरी. ठिणग्यांचा पडदा उठला.

थोड्या वेळानं मामांच्या मनगटावरची पट्टी थरथरली. मामांनी तिकडं दुर्लक्ष केलं. त्यांना वाटलं, दोन हातांच्या दोन पट्ट्या करून यंत्र बावचळलेलं दिसतंय. आता कुणाला बोलावलं तर आक्काची लबाडी उघडी पडेल. पट्टी पुन्हा थरथरली. मामांनी दातओठ खाऊन चाक तसंच धरून ठेवलं. डोकं गरगरत होतं, घाम यायचा थांबला होता, आणि भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही.

नियंत्रण कक्षात घंटा घणाणली. पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘चौगुले वैजयंता. क्रेन क्रमांक दोन. तातडी.’

मदतीची तुकडी बर्फाची पोती घेऊन क्रेनच्या शिडीकडं धावली. रेडिओवर सरनोबतांचा आवाज आला, “वैजयंताताई, दांडे सोडू नका, माणसं वर येतायत! चक्कर येतेय का?”

“मला? मला काय धाड भरल्या?” ती म्हणाली. आणि त्याच क्षणी तिला दिसलं की खाली लाडलची धार बारीक होत चालली आहे.

तिनं मनगट उलटं केलं. पट्टीच्या कडेला अक्षरं होती, ‘माने दौ.’

एका क्षणात तिला सगळं कळलं. हेही कळलं की आता तोंड उघडलं तर लबाडी बाहेर येणार, लबाडीमागचं कारण विचारलं जाणार आणि कारण सांगावंच लागणार. पण हा विचार तिच्या मनात आला आणि गेला, एवढंच. तिनं बटण दाबलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “खाली पळा! मामाला बघा! माजी पट्टी मामाच्या हातात हाय!”

“काय? पट्टी त्यांच्या…?”

“आदी पळा, मग इचारा!”

तुकडी अर्ध्या शिडीवरून मागं फिरली. ठिणग्यांच्या पडद्याआड दौलूमामा चाकाला मिठी मारून गुडघ्यावर आले होते. शुद्ध हरपली होती, पण चाक सुटलं नव्हतं. दोघांनी त्यांना उचललं, तिसऱ्यानं चाक हातात घेतलं. तेवढ्या वेळात लाडल हेलकावली असती तर खालची माणसं भाजून निघाली असती. वैजयंतानं ती हेलकावू दिली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात दगडासारखे स्थिर होते. तिनं लाडल बोटभर उचलली, चाकावरच्या माणसाकडून बोटभर कलवून घेतली आणि बारीक झालेली धार तुटायच्या आत पुन्हा भरली. नवा माणूस चाकावर रुळेपर्यंत तिनं ती तशीच वरून सांभाळली. साचा काठोकाठ भरला. सगळ्या शेडमध्ये एकच आरोळी उठली. ती ऐकायला वैजयंता थांबली नाही. शिडीच्या दोन-दोन पायऱ्या सोडत ती खाली आली.

मामांना प्रथमोपचार खोलीत बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवलं होतं. त्यांनी डोळे उघडले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हे बोलणं वेगळं असतं.

खोलीत सरनोबत होते, मगदूमसाहेब होते आणि दारात निम्मी फौंड्री चेंगरून उभी होती. सरनोबतांचा चेहरा पांढरा पडला होता. “पट्ट्यांची अदलाबदल! तुम्हाला कळतंय का काय झालं असतं? का केलंत हे?”

टबातून क्षीण आवाज आला, “साहेब, गांजा माजा हाय.”

“मामा, तुमची तपासणी स्वच्छ आहे.”

“मग उद्या वडतो.”

दारातली माणसं एवढ्या ताणातही हसली. वैजयंता हसली नाही. हा म्हातारा तिच्या खोटेपणापायी मरता मरता वाचला होता, आणि टबात पडल्या पडल्याही तिलाच सांभाळून घेत होता. तिला आता लपवायची लाज वाटली. सांगायची वाटली नाही.

“कुनीबी गांजा वडत न्हाई,” ती म्हणाली. आवाज दारापलीकडं पोचेल एवढा होता. “मला एचआयव्ही हाय. धा वर्सं झाली. औषध घेतो, ठणठणीत हाय. नवी सुई घेतली, तिचा अंश घामात उतरला आनि तुमच्या यंत्राला त्यो गांजा वाटला. मला खरं सांगायचं न्हवतं म्हणून मामाची पट्टी घेतली. पट्टी बदलली ही चूक माजी. तिची काय सजा आसंल ती द्या. पर औषध घेतलं ही चूक न्हवं. त्याची सजा मी घेनार न्हाई.”

सरनोबतांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

“सजा मिळेल,” ते म्हणाले. “पट्टी बदलल्याबद्दल पंधरा दिवस क्रेन बंद, खाली वाळूचं काम करायचं. तुम्हालाही, मामांनाही.” मग त्यांनी मान खाली घातली. “आणि जी गोष्ट तुमच्या डॉक्टरलाच माहीत असायची, ती मी गेटावरच्या पडद्यावर निम्मी-शिम्मी लावून ठेवली होती. त्याची सजा मला कोण देणार?”

“यंत्र दुरुस्त करा,” वैजयंता म्हणाली. “तीच सजा.”

आता सगळ्यांनी येऊन तिला मिठी मारली असती तर गोष्ट लवकर संपली असती. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनात ती बसली त्या बाकावर दोन्हीकडं जागा मोकळी राहिली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त जो तो आज नेमका दुसरीकडं बसला. वैजयंतानं मान वर ठेवून जेवण संपवलं आणि डबा धुताना नळ मोठा सोडून ती रडली.

आठवडाभरानं दौलूमामा दवाखान्यातून सुटून आले. कॅन्टीनभर नजर फिरवून ते तिच्या शेजारी धपकन बसले, तिच्या डब्यातली भाकरी मोडली आणि रागानं म्हणाले, “मला सांगितलं न्हाईस.”

“भ्यालो, मामा.”

“मी गांजा समजून आलो तवा मला भ्याली न्हाईस, आनि आजाराला भ्यालीस? येडी का खुळी?” मग एक घास खाऊन, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा बेतानं, “भाजीत मीठ कमी हाय. बाकी काय झालेलं न्हाई मला.”

त्या दिवशी आणखी दोघं येऊन बसले. सरनोबतांनी कपाटातलं धोरण बाहेर काढलं आणि शबानाताईंना फौंड्रीत बोलावलं. त्यांनी काय लागतं, काय लागत नाही ते सरळ शब्दांत सांगितलं. लोकांनी आडून आडून प्रश्न विचारले, मग न आडता विचारले. पिंपावर सगळ्यांचे पेले सारखेच राहिले.

मग पुण्याहून इरावती नेने आल्या. घामपट्टीचे साचे त्यांनीच घडवले होते. त्यांनी वैजयंताची पट्टी तपासली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“आमच्या साच्यानं गांजाच्या रेणूची एकच बाजू घेतलीय. तुमच्या औषधाचा तुकडा त्या बाजूनं हुबेहूब तसाच आहे.”

“म्हंजे अर्ध्या पॅटर्नचा साचा घातला तुमी,” वैजयंता म्हणाली.

“अगदी. आता दुसऱ्या बाजूचाही साचा घालते. दोन्हींत बसला तरच गांजा. आणि दुसरी गोष्ट, घामात काय सापडलं ते पट्टीबाहेर जाणारच नाही. पट्टी आतल्या आत हिशेब करेल आणि बाहेर एवढंच सांगेल, हा माणूस कामाला ठीक आहे की याला मदत हवी. आजार, औषध, साखर, गर्भ, कशाचंही नाव नाही.” मग त्यांनी पट्टी वैजयंताच्या हातात परत दिली. “पण एक अडचण आहे. एका माणसाच्या घामावर साचा पक्का होत नाही. हे औषध घेणाऱ्या आणखी लोकांचा घाम लागेल. आणि न घेणाऱ्यांचाही, तुलना करायला. कोण देणार?”

केंद्रातल्या ओळखीपाळखीतून वैजयंता थोडी माणसं आणू शकली असती. पण आपली माहिती फुटेल या धास्तीनं ती माणसंही कचरत होती. तेव्हा मार्ग निघाला तो दौलूमामांच्या खोडसाळ डोक्यातून. “बिननावाच्या पट्ट्या वाटा,” ते म्हणाले. “गेटाशी पेटी ठेवा. ज्यानं त्यानं दिसभर घालायची, जाताना पेटीत टाकायची. सगळ्यांनीच टाकली तर कुनाची कुठली, बरमदेवाला कळनार न्हाई.”

इरावतीबाईंनी ते वहीत टिपून घेतलं. “मामा, हे आम्हाला प्रयोगशाळेत शिकवायला खूप वर्षं लावतात.”

“इथं सांभाळून घेनं म्हंत्यात,” मामा म्हणाले.

पेटीची सक्ती नव्हती. कितीजण टाकतील याचा कुणालाच अंदाज नव्हता. संध्याकाळचा भोंगा झाला. पहिली पट्टी दौलूमामांनी टाकली, दुसरी सरनोबतांनी. मग क्षणभर कुणी पुढं झालं नाही. इतक्यात साचे भरणारी मोल्डिंगची माणसं आली, मग भट्टीची, मग कोअरच्या बायका, ऑफिसातले टाय लावलेले, कॅन्टीनचे आचारी. मगदूमसाहेबांनी गाडी थांबवून खाली उतरून टाकली. पेटी भरली, दुसरी आणली, तीही भरली. शेजारच्या फौंड्रीतली माणसं कसली रांग म्हणून बघायला आली आणि पट्ट्या मागून घेऊन गेली. ज्यांनी त्या दिवशी गेटावर खसखस पिकवली होती तेही रांगेत होते आणि वैजयंताची नजर टाळत नव्हते.

इरावतीबाई काही दिवसांनी पुन्हा आल्या तेव्हा नव्या पट्ट्यांची खोकी घेऊनच आल्या. साचा पक्का झाला होता. त्यांनी वैजयंताला बाजूला घेतलं. “किती आणि कोण हे मला माहीत नाही, आणि मोजलं असतं तरी सांगितलं नसतं. पण इथल्या पेट्यांमध्ये एचआयव्हीच्या औषधाचा अंश असलेल्या पट्ट्या, कुठं गोळीचा तर कुठं सुईचा, एकाहून जास्त होत्या. एवढंच सांगायचं होतं.”

वैजयंता शेडकडं बघत राहिली. तिच्या ओळखीची ती सगळी माणसं वाळू दाबत होती, साचे उचलत होती, एकमेकांना शिव्या घालत होती. त्यांच्यापैकी कुणीतरी तिच्याइतक्याच वर्षांपासून एकट्यानं हे ओझं वाहत होतं. तिला वाईट वाटलं, आणि खूप मोठा आनंदही झाला. दोन्ही एकदमच.

तिची सजा संपली त्याच सकाळी पवनचक्कीचा भाग साच्यातून बाहेर काढला. इतके दिवस तो आत हळूहळू निवत पडला होता. वाळू झाडली, ध्वनियंत्र फिरवून पोटातला जोड तपासला. कुठंही केसाएवढी भेग नव्हती. पाहुण्यांनी आणखी तीन भागांची मागणी तिथल्या तिथं नोंदवली. मगदूमसाहेबांना तिचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत छापायचा होता. ‘धैर्याचा चेहरा’ असं काहीतरी त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

“नको, साहेब,” वैजयंता म्हणाली. “माजं तोंड क्रेनमधीच बरं दिसतंय.” आणि ती शिडी चढून आपल्या खुर्चीत जाऊन बसली. खालून कुणीतरी शिट्टी घातली, मग सगळ्यांनीच घातल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी ती स्कूटर काढत होती. केंद्रात तपासणीचा दिवस होता आणि तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. गाड्यांच्या शेडमध्ये एक जण तिची वाट बघत उभा होता. मोल्डिंगमधला. नाव नको. गेल्या महिन्यात तो फार वाळला होता आणि सगळे त्याला कावीळ झाली का म्हणून विचारत होते.

“आक्का,” तो म्हणाला. “तुला गेटात अडवलं त्या दिवशी मी तुज्या मागंच हुतो. पडदा वाचला. माजी पयली सुई फुडच्या आठवड्यात हुती. न्हाई गेलो. तूच म्हनलीस, सुईचा अंश घामात उतरतोय; सुई घेतली की आपलंबी नाव पडद्यावर येनार म्हणून. गोळ्या सुईपायी बंद केलेल्या, तवापासनं काय बी घेतलेलं न्हाई.”

वैजयंतानं काढलेली स्कूटर परत स्टँडला लावली. त्या लाल अक्षरांनी फक्त तिचीच खुर्ची हलवली नव्हती.

“मंग आता?”

“आता पडद्यावर काय येत न्हाई. चार दिस झालं बघतोय.” तो स्कूटरच्या आणखी जवळ आला. “डाक्टर रागावतील का गं? लई उशीर झाला असंल का?”

“रागावतील. मग औषध देतील,” ती म्हणाली. तिनं मागच्या सीटवरची धूळ हातानं झाडली, स्कूटर सुरू केली आणि आपलं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. “बस. आनि घट धर, मी जोरात चालवतो.”